स्वयंपाकघर २९ अंश

रविवार, ९ ऑक्टोबर २०१६
निखिल आणि सून काट्रिन दोन दिवस राहून ड्रेस्डेनला परत गेले. जाताना चिरंजीवांनी घरातल्या पाचही हाइत्सुंगना, म्हणजे खिडकीखालच्या हीटरना, नवे थर्मोस्टाट बसवले, पांढरे, आकडे दाखवणारे. "आई, आता तुला काही करायला नको. मी माझ्या फोनवरून बघेन." अरे, पण मला काही करायला हवंय की! ऐकतो कोण. दोन महिने ट्रायल, आवडलं तर ठेवायचं म्हणे. कोणाला आवडलं तर, ते नाही सांगितलं.

टेबलावर एक रंगीत पुस्तिका 'विसरून' गेलाय. बेत्रॉयटेस वोनेन. म्हाताऱ्यांसाठी फ्लॅट, खाली नर्स, बाथरूममध्ये ओढायची दोरी. माझा मुलगा जन्मात कधी काही विसरलेला नाही.

मंगळ, ११ ऑक्टो.
यांची खोली गार. हे जाऊन चार वर्षं झाली, पण हिवाळ्यात तुळस तिथल्याच खिडकीत असते आणि दुपारी मी तिथेच वाचत बसते. थर्मोस्टाट १९ वर फिरवला. तासाभरात १४. पुन्हा फिरवला. पुन्हा १४! नि.ला फोन.

"आई, ती खोली वापरात नाही ना, म्हणून मी अ‍ॅपमध्ये तसं टाकलं."
वापरात नाही, हे कोणी ठरवलं? ड्रेस्डेनला बसून लुडविग्सहाफेनची हाइत्सुंग चालवतोय. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. मुकाट १९ केलं त्याने. पण म्हणजे आता माझ्याच घरात ऊब मागून घ्यायची का मी?

शुक्र, २१ ऑक्टो.
आज पुन्हा, "आई, खिडकी फार वेळ उघडी होती का गं?" होती. माझी खिडकी आहे.
एकतीस वर्षं केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये तापमानं लिहिली. अर्धा अंश हलला की अख्खी बॅच बाद. आणि हा मला शिकवणार!

शनि, ५ नोव्हें.
सकाळी दहाला फोन. "आई, स्वयंपाकघरात २९ दाखवतंय! ओव्हन चालू राहिलाय का?"
मी स्वयंपाकघरातच होते. स्वेटर, वर शाल, पोह्यांसाठी कांदा चिरतेय आणि बोटं गारठलेली. म्हटलं, अरे कुडकुडतेय मी इथे! मग तो हळू, डॉक्टरी आवाज. "२९ मध्ये तुला थंडी वाजतेय?" मागून काट्रिनची कुजबुज. मग, "आई, आज वार कुठला आहे?"

वार विचारला मला. पोटच्या पोरानं.
शनिवार, म्हटलं, आणि फोन आपटला. लँडलाइनचा तेवढा एक फायदा.
रडले. रागानं रडले, हे लिहून ठेवते.

तोच दिवस, दुपारी
रडून झाल्यावर लॅबमधला काचेचा जुना थर्मामीटर काढला. टेबलावर १५. हाइत्सुंगला हात लावला, थंडगार. थर्मोस्टाट म्हणतो २८. दोघांतला एक खोटारडा.

मग दिसलं. विरजण! काल लावलेलं दही. पातेलं हाइत्सुंगवर, त्याला गुंडाळलेला जाड टॉवेल आणि टॉवेलचं टोक थेट थर्मोस्टाटवर, बाळाला टोपडं घालावं तसं. आत ऊब कोंडली, त्याला वाटलं खोली तापली, त्यानं हाइत्सुंग बंद केली. दह्याच्या दिवशी स्वयंपाकघर गार का असायचं, तेही कळलं. जुना थर्मोस्टाटही असाच फसत असणार; वीस वर्षं उगाच हवेला शिव्या घातल्या.
चूक माझी, कबूल. पण चूक होणं वेगळं आणि डोकं फिरणं वेगळं.

नि.ला सांगितलं. हसला, सुटल्यासारखा. "तरी पण आई, पुढच्या वेळी खरंच काही झालं तर?" पुस्तिकेचं नाव काढलं नाही. पण ती बोलण्यात होतीच.

मंगळ, ८ नोव्हें.
हीटिंगवाले हेर वेबर, म्हणजे वेबरसाहेब, आले. केलरमधला, तळघरातला बॉयलर त्यांनीच बसवलेला. मला फोनवर चालणारी सिस्टिम हवी म्हटल्यावर विचारतात, "तुमच्या मुलाशी बोलू का?" आल्झो, हे बघा, घर माझं, गार पडतात ते पाय माझे, बोलायचं माझ्याशी.

मग नीट बोलले, भला माणूस. एक सिस्टिम स्वस्त, पण सगळी इंटरनेटवर; ते गेलं की बसा. दुसरीचा डबा घरातच राहतो. तापमान मोजणारं यंत्र हाइत्सुंगवर नाही, भिंतीवर, खोलीगणिक वेगळं. म्हणजे दही कुठेही ठेवा. आणि मुख्य म्हणजे पहिलं खातं उघडेल ती मालकीण. बाकीच्यांना ती देईल तेवढंच, ती देईल त्याच खोलीचं.
"म्हणजे किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला?"
"गेनाऊ, अगदी बरोबर."
दुसरी. विचार करायला वेळ नको मला.

गुरु, १७ नोव्हें.
स्मार्टफोन घेतला. दोन दिवसांत जमला. काय बाऊ करतात मेले!
नवी सिस्टिम बसवताना वेबरनी काढलेले नि.चे पाचही थर्मोस्टाट पुसून खोक्यात भरले. वर ती पुस्तिका. वर चिठ्ठी: ट्रायल संपली. आवडलं नाही. पार्सल ड्रेस्डेनला रवाना.

रवि, २७ नोव्हें.
काट्रिनचा फोन. तिचं मला पटतं, आडपडदा नसतो. म्हणाली, निखिल चिडलेला नाही, घाबरलेला आहे. पप्पा गेले तेव्हा तो सहा तास ट्रेनमध्ये होता, पोचेपर्यंत सगळं संपलेलं. तेव्हापासून त्याला आकडे लागतात, समोर दिसणारे.
ठाऊक आहे मला. त्या सहा तासांत यांच्याजवळ मीच होते ना.
म्हणून काय मी आकडा व्हायचं?

रवि, ४ डिसें.
जेवून उठले तर फोनवर निरोप. निखिल तुमच्या घरात प्रवेश मागतो आहे. परवानगी, की नकार. खाली पाचही खोल्यांची नावं, एकेक निवडायची सोय.
बराच वेळ बघत बसले. स्वयंपाकघर द्यावं, नुसतं बघायला. रोज सकाळी वीस अंश दिसले की समजेल, आई उठली, चहा झाला. त्याला झोप लागेल. यांची खोली नाही. ती नाहीच.
बोट टेकणार होते. नाही टेकवलं. माझ्या घरात यायला मशीनकडून काय विचारतो? हा फोन घे, नंबर लाव, तोंडानं म्हण, आई, येऊ का. मग बघू.
विनंती तशीच ठेवलीय. यांच्या खोलीत लिहितेय, तुळशीपाशी. १९ आहे. मी केलेलं.