शैलाची पर्स

मंगळवार, दिवेलागणीला

आज भोरला तालुक्याच्या बैठकीत शेजारच्या गावची सरपंच शैला उठली न् पाण्याच्या टाकीवरून तिनं साहेबांना चांगलंच धारेवर धरलं. तिचा नवरा बाहेर बाकावर तिची पर्स मांडीवर घेऊन बसला होता.

मग माझं नाव पुकारलं. सवयीनं मी आमच्या ह्यांच्याकडं बघितलं, तर हेच उठून म्हणाले, "हजर." सरपंच मी हाय ना? मग माझं तोंड का न्हाई उघडलं?

शैलावर जळते मी. तिच्या बोलण्यावर न्हाई एवढी, त्या पर्सवर.

येताना कापूरहोळला चहा पिताना हे म्हणाले, "बायकोची पर्स सांभाळतो. लई बावळट गडी."

मीपण हसले. ह्यांच्याहून मोठ्यानं.