माफीचा कागद

राजधानी हानयांग, चौथ्या महिन्याची पौर्णिमा

ती. युनदोकताईस,
धाकट्या ग्युजिनचा सा. न. वि. वि.

तुझी सोयाबीनच्या मसाल्याची बरणी वाटेतच फुटली, तीही एका मंत्र्याच्या रेशमी अंगरख्यांवर. आता ते दरबारात आले की आम्हा सगळ्यांना भूक लागते.

आपल्या पोरसवदा राजाला त्याच्या सख्ख्या काकांनीच सिंहासनावरून उतरवलं, त्याला दहा महिने झाले. आता त्यांना फर्मान हवंय, की पोरानं गादी आपखुशीनं दिली. लिहायचं मी, कारण दरबारात अक्षर माझं बरं. चूक तुझीच, छडी घेऊन तूच गिरवून घेतलंस. मी रोज नवी सबब सांगतो. काल म्हणालो, शाई गोठली. बाहेर उन्हाळा लागलाय!

भावजींना नमस्कार. रागावलीस तरी चालेल, विसरू नकोस.
तुझा ग्युजिन

नामवोन, पाचव्या महिन्याची षष्ठी

चि. ग्युजिन यास अनेक आशीर्वाद.

गोठलेली शाई? अरे, निदान खोटं तरी नीट बोल! मुकाट्यानं रजा घे आणि घरी ये. ताई मरायला टेकलीय म्हणून सांग. मी अंथरूण घालून कण्हायचा सरावही केलाय. शेजारीण पेज घेऊन धावत आली.

पोराला सांभाळा म्हणून त्याच्या वडिलांनी मरताना तुम्हा सहा दरबाऱ्यांचे हात धरले होते, ठाऊक आहे मला. पण बाकीचे काकांच्या पंगतीला बसून जेवतायत म्हणे. शब्द काय तू एकट्यानंच दिला होतास?

जेवत जा. लवकर ये.
तुझी ताई

हानयांगचा तुरुंग, सहाव्या महिन्याची अष्टमी

ती. ताईस सा. न. वि. वि.

एकट्यानं नव्हता दिला. पोराला परत गादीवर बसवायचा आम्ही सहाही जणांनी बेत केला होता. सहाव्याचा धीर सुटला, त्यानं सगळं सांगून टाकलं. त्याला शिव्या देऊ नकोस, त्याला चार लेकरं आहेत.

काल नव्या राजांनी स्वतः समोर बोलावलं. म्हणाले, चुकलो महाराज, एवढी एक ओळ लिही. जीवही वाचेल, नोकरीही राहील. मी त्यांना महाराज न म्हणता काकासाहेब म्हणालो. मग तापल्या सळईनं डाग दिले. मग पुन्हा कागद दिला. काय कागद आहे, ताई! इतक्या चांगल्या कागदावर खोटं लिहवेना, म्हणून तुला लिहितोय. पहारेकरी नामवोनचाच आहे, पोचवीन म्हणतो.

भीती वाटते. अक्षर मात्र सरळ आलंय. बघ, कुठं चूक सापडते का.

उद्या सकाळी नेतील. माया आहेच, ती तशीच राहू दे.
तुझा ग्युजिन

नामवोन, सहाव्या महिन्याची वद्य चतुर्थी

चि. ग्युजिन यास,
आता आशीर्वाद कसला लिहू? तरी अनेक आशीर्वाद.

चूक एकही नाही.

परवा तुझ्या भावजींना कचेरीत बोलावलं. ग्युजिन आमचा कोणी नाही, असं लिहून द्यायला सांगितलं. मांजरालाही अहो-जाहो करणारा माणूस! आणि हे म्हणाले, तो आमचा मेहुणा आहे, अन् उद्या विचारलंत तरी मेहुणाच असेल. वीस फटके खाऊन घरी आले, ते मलाच विचारतात, जरा मोठ्यानं बोललो का गं मी?

तुम्हा पाचांना नदीकाठी टाकलंय, हात लावायचा नाही असा हुकूम आहे, असं पहारेकरी सांगत होता. चेहरे ओळखू येत नाहीत म्हणाला. मला कशाला लागतोय चेहरा? कडेवर वाढवलंय तुला मी.

बैलगाडी जुंपलीय. भावजींना बसवत नाही, त्यामुळे हानयांगपर्यंत ते बैलापुढं चालणार आहेत. मी रागावले तर म्हणाले, चल लवकर, तो वाट बघत असेल.

निघालोच.
तुझी ताई