कडू चाटण

चैत्र वद्य ३, शके १८६०

मध कडू लागला. मध — आणि कडू!

होळीपासूनचा खोकला. वैद्यांनी मात्रा दिली, ती सहाणेवर मधात उगाळून चाटायची. उगाळायचं काम मीनाबाईने आपणहून अंगावर घेतलं. मीनाबाई म्हणजे यांची नवी बायको. मला मूल नाही म्हणून माझ्या डोळ्यांदेखत आणली. आता तिला तिसरा महिना. माझी एवढी सेवा कशासाठी चालली आहे, देव जाणे.

आज बोट तोंडात घातलं नि जीभच आखडली. ती बघतच होती. "तोंड का वाकडं करी ऱ्हायन्यात, जिजी?" मात्राच कडू असेल म्हणून गप्प बसले.

चैत्र वद्य ४

मात्रा कडू नाही! पुडी सोडून नुसती चाटली, मातीसारखी लागते. मग बरणीत बोट घातलं. मधच कडू.

कालीबाई वर्षानुवर्षं डोंगरातून मध आणून देते. कधी असा लागला नाही. आणि बरणी हल्ली कोणाच्या ताब्यात? उद्या हिला मुलगा झाला की मी या घरात कोणाला हवी आहे?

यांच्या कानावर घातलं. म्हणाले, तुझी जीभच कडू. वर हसले, आणि केळीला पाणी द्यायला निघून गेले.

चैत्र वद्य ६

तोच मध दुधात कालवून मांजरीला घातला. चुलीपाशी बसून बघत राहिले. प्यायली आणि झोपली. उठेचना! पण ती एरवी तरी कुठे उठते? मेली आळशी.

पाठीमागे मीना उभी होती.

चैत्र वद्य ८

चाटण पदराआड पुसून टाकते. खोकला वाढला.

चैत्र वद्य १०

आज बाजार. कालीबाई आली. ओट्यावर बसवून आडून आडून विचारलं — मध कडू कशाने होतो? बाधतो का? असा मध खाऊन कोणी मेलंय का? किती खावा लागतो?

ती हसतच सुटली. "बाई, निंबना मोहोरना मध शे. कडूच लागी."

यंदा डोंगरात तिला पोळंच मिळालं नाही. हा मध आपल्याच नदीकाठच्या कडुनिंबांवरचा. निंब मोहोरला की माश्या दुसरीकडे जातच नाहीत, आणि ज्या फुलावर बसतील तीच चव मधाला येते, असं म्हणाली. मोहाच्या मधाला तर म्हणे मोहाचाच वास येतो. मग माझ्यासमोर बरणीतलं बोटभर चाटून दाखवलं.

जीव भांड्यात पडला. वळले, तर मीना डोक्यावर हंडा घेऊन दारात. केव्हापासून उभी होती कोण जाणे. हंडा तसाच घेऊन आत गेली.

चैत्र वद्य ११

चाटण सगळं चाटलं. कडू ते कडूच, पण आज गोड मानून घेतलं.

लाज वाटते. त्या पोरीने माझं काय वाकडं केलं होतं? तिला काय हौस होती सवतीवर येण्याची! माहेर तिकडे नवापुराकडे, इथे जवळचं असं कोणी नाही. कालपासून धड जेवलीही नाही. डोहाळे असतील. एवढे दिवस माझं लक्षच नव्हतं.

कालीबाईने तिच्याजवळचा गेल्या सालचा डोंगरातला मध थोडा दिला आहे. चाखून पाहिला. गोड आहे. तो मीनाला देणार.

चैत्र वद्य १२

वाटीभर कोमट दूध, त्यात तो मध. माझ्या हाताने नेऊन दिलं. "ठेवा जिजी, मंग लिसू," म्हणाली.

थोड्या वेळाने वाटी उचलायला गेले. वाटी मांजरीपुढे होती, चाटून पुसून रिकामी. मीना पोटावर हात ठेवून चुलीपाशी बसली होती. मांजर उठते का ते बघत होती.