दोन बोटं सरकलेला गुडघा

तीर्थस्वरूप दादा,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. (दोन्ही गुडघे पूर्ण वाकवून, कशाचाही आधार न घेता. नोंद घ्यावी.) तुझा रक्तदाब, वहिनीची कंबर आणि तुमच्या जिन्यातला तो कायम गेलेला दिवा, या तिघांची प्रकृती कशी आहे ते कळव. इकडे मी ठणठणीत आहे.

तुझं पत्र पोचलं. मुख्याध्यापकपद सोडून तुला नऊ वर्षं झाली, पण पत्रात अजून मुद्दे क्रमांक एक ते सहा असतात आणि प्रत्येकाखाली रेघ असते. चौथ्या मुद्द्यात तू लिहिलंयस की गुडघे म्हणजे कपडे नव्हेत, उसवले तर शिवता येत नाहीत. हे वाक्य तू चाळीस वर्षं शिवणकाम केलेल्या बाईला लिहिलंस, म्हणजे लिहिताना स्वतःशी हसला असशील. मी हसले नाही. मी पत्राची घडी घातली आणि तुटलेल्या सुयांच्या डबीखाली ठेवून दिली.

तुला काय कळलंय ते मला ठाऊक आहे, कारण तुला फोन कुणी केला तेही ठाऊक आहे. माझ्या लेकीच्या पोटात लहानपणापासून काही राहत नाही. आईला प्रयोगशाळेनं पळायला मनाई केली, एवढंच तिनं सांगितलं असणार. ते खरं होतं, पण मागच्या मंगळवारपर्यंत. पुढचं तिला माहीत नाही, म्हणून हे पत्र. रविवारी दहा किलोमीटरची शर्यत आहे. अकरा वर्षं मी ती पळतेय आणि बारावं वर्ष चुकवायचं नाही असं मी ठरवलंय. कुणी हसलं तरी, कुणी मुद्दे काढले तरी. हे गेले तेव्हा संध्याकाळी दुकान बंद करून घरी जायचं म्हणजे कुणी नसलेल्या घरात जायचं. ते मला सोसेना, म्हणून मी दुकान बंद करून पळायला लागले. पहिल्या दिवशी कोपऱ्यापर्यंत गेले आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले. दुसऱ्या दिवशी दोन कोपरे. तुला हे कधी सांगितलं नव्हतं, कारण तू मला पळण्याऐवजी वाचनालय लाव म्हणाला असतास.

तर यंदा शर्यतवाल्यांनी नवीन टूम काढली. साठीच्या वरच्या प्रत्येकानं खेळविज्ञानाच्या प्रयोगशाळेचं पत्र आणायचं. पत्र नाही तर पळायचं नाही. (एकोणसाठ वर्षांचा माणूस बहुधा अमर असतो.) प्रयोगशाळा म्हणजे एक लांबलचक खोली, खिडक्या काळ्या पडद्यांनी झाकलेल्या, भिंतीला आठ कॅमेरे, आणि मधोमध जमिनीत एक वजनकाटा पुरलेला. तो कुठे आहे ते पळणाऱ्याला सांगत नाहीत. सांगितलं की माणूस त्यावर नेमका पाय पडावा म्हणून पावलं मोजायला लागतो आणि चाल बिघडते. अंगावर सांध्यासांध्याला सुपारीएवढे चमकणारे मणी लावतात, कॅमेऱ्यांना फक्त मणी दिसतात, आणि पडद्यावर आपल्याऐवजी काड्यांचा एक माणूस पळताना दिसतो. मी स्वतःला प्रथम पाहिलं तेव्हा एवढी बारीक झालेली बघून बरं वाटलं. या सगळ्याच्या प्रमुख एक संशोधक बाई आहेत. माझ्या मनात त्यांचं नाव कोनबाई. त्या माणसाकडे बघून बोलत नाहीत, त्याच्या सांध्यांच्या कोनांकडे बघून बोलतात. मला त्या पहिल्यांदा भेटल्या तेव्हा माझ्या घोट्याला म्हणाल्या, "या, बसा."

आता खरी गोष्ट, आणि ती माझ्याच तोंडून ऐक. मणी खरं तर उघड्या कातडीला चिकटवायचे असतात. पण आम्ही होतो साठीच्या वरचे अकरा जण, आणि आखूड चड्डी घालून कॅमेऱ्यांसमोर उभं राहायला एकहीजण तयार होईना. आमच्यातला निवृत्त पोस्टमन तर म्हणाला, माझे गुडघे माझ्या बायकोनंही नीट पाहिलेले नाहीत. म्हणून बाईंनी अंगाला घट्ट बसणारे काळे पोशाख मागवले. ते आले तरुण, उंच, धिप्पाड खेळाडूंच्या मापाचे. आम्ही ते घातले आणि अकरा काळ्या पिशव्या ओळीत उभ्या राहिल्या. बाईंनी प्रत्येकाच्या पोशाखावर सांध्याच्या जागी खडूनं खुणा केल्या आणि मला म्हणाल्या, तुम्ही शिवणकाम करता ना, या खुणांवर चिकटपट्टीचे तुकडे शिवून द्या, मणी त्यावर बसतील. मी हो म्हटलं. अकरा पोशाख दुकानात घेऊन आले आणि तुकडे शिवून टाकले.

इथपर्यंत सगळं ठीक. पण दादा, पोशाख टेबलावर पसरले होते आणि मांड्यांशी त्यांना झोळ होता. चांगला मूठभर झोळ. तुला हे कळणार नाही. तू आयुष्यभर एकाच मापाचे सदरे घातलेस. झोळ पडलेलं कापड माझ्या दुकानातून बाहेर जायचं म्हणजे मी मेल्यासारखंच. मी प्रत्येकाची पायाची शिवण आतल्या बाजूनं घेतली, दोन बोटं. कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, बाई खूश होतील. आणि झाल्याही. दुसऱ्या खेपेला सगळे कसे चापूनचोपून बसले म्हणून त्यांनी पहिल्यांदाच माझ्या चेहऱ्याकडे बघितलं.

आठवड्यानं निकाल लागला. अकराच्या अकरा जणांचे गुडघे पाऊल टेकताना आत पडतात. बाईंचा आनंद काय सांगू. साठीनंतर गुडघा आत वळतो, हा केवढा मोठा शोध, यावर निबंध होणार, परिषदेत तो वाचणार. आम्हाला मात्र प्रत्येकी एकेक कागद मिळाला: गुडघ्यास धोका, पळू नये. पोस्टमननं कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि चालत निघून गेला. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं पोचवली, स्वतःला आलं ते हे. मला एवढा राग आला की मी बाईंना म्हणाले, मला पुन्हा दाखवा. त्यांनी पडद्यावर अकरा काडीमाणसं एकाखाली एक पळवली. सगळ्यांचा गुडघा एकाच ठिकाणी, एकसारखा आत.

दादा, चाळीस वर्षं मी टेप गळ्यात घालून लोकांच्या पायांजवळ बसलेय. एकाचा डावा पाय आखूड, दुसऱ्याचं पोट पुढे, तिसरा एका बाजूला रेलून उभा राहतो आणि मी सरळच उभा आहे म्हणून सांगतो. पण दोन माणसांच्या पायांत हुबेहूब एकच खोड मी आजवर पाहिली नाही, अकरा जणांची तर बातच सोड. आणि या अकरा जणांची खोड एकाच मापाची होती. मी बोट लावून बघितलं पडद्यावर. (बाई ओरडल्या, पडद्याला हात लावायचा नसतो.) दोन बोटं. माझी दोन बोटं. शिवण आत घेतली तसं कापड फिरलं, कापडाबरोबर तुकडा फिरला, तुकड्याबरोबर मणी, आणि गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला असायला हवा तो मणी पुढच्या अंगाला, म्हणजे आतल्या दिशेला सरकून बसला. गुडघे सरळ होते. आत पडत होती ती माझी शिवण.

गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. निबंध झाला असता, बाईंचं नाव झालं असतं आणि अकरा माणसं घरी बसली असती, सुरक्षित. तुझ्या मुद्दा क्रमांक दोनप्रमाणे. मी त्यांच्या टेबलासमोर उभी राहिले आणि सांगितलं की चूक माझी आहे. बाई म्हणाल्या, आकडे खोटं बोलत नाहीत. मी म्हणाले, आकडे बोलत असतील खरं, पण कापड मी शिवलंय. त्या म्हणाल्या, आता पुन्हा मोजायला वेळ नाही. मी म्हणाले, मग मी पोशाख उसवून घेऊन येते आणि तुमच्या परिषदेत सगळ्यांसमोर घालून दाखवते. यावर त्यांनी माझ्या कोपराकडे बघितलं. मग स्वतः उठून त्यांनी खोक्यातून मणी कातडीला चिकटवायचा डिंक काढला. माणूस वाईट नाही, हे मला तेव्हाच कळलं. एवढा मोठा शोध असा हातानं पुसून टाकायला छाती लागते.

पुढचा परिच्छेद वहिनीला वाचून दाखवू नकोस. मंगळवारी मी आखूड चड्डी घालून त्या खोलीत सगळ्यांत पहिली गेले. बासष्टाव्या वर्षी, आठ कॅमेऱ्यांसमोर, उघड्या गुडघ्यांना मणी चिकटवून. मी गेले म्हणून बाकीचे आले. पोस्टमन सगळ्यांत शेवटी आला आणि डोळे मिटून पळाला, वजनकाट्यावर नेमका पाय पडला त्याचा, पहिल्याच खेपेला. बाई म्हणाल्या असं आजवर कुणाला जमलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचं मोजून झालं, जुने कागद फाडले आणि अकराजणांना नवी पत्रं मिळाली. मलाही मिळालं. बाईंनी निबंध मागे घेतला आणि आता त्या दुसरा लिहिताहेत, पोशाखाच्या शिवणीनं मापात किती फरक पडतो यावर. त्यात माझा उल्लेख येणार आहे, शिवणकाम करणारी एक व्यक्ती म्हणून.

तेव्हा दादा, मुद्दे एक ते सहा यांना माझं एकच उत्तर: मी पळणार. तुला वाईट वाटलं तर वाटू दे. तू मला सायकल शिकवताना मागून धरलेला हात सोडला होतास आणि मी पडले, तेव्हा तूच म्हणाला होतास की पडल्याशिवाय येत नाही. आता मी पडले तर तुला चालत नाही. का, ते मला कळतं. पण मला सांभाळून ठेवायचं असेल तर मी काही कपाटातलं कापड नाही. कापडसुद्धा घडीवरच विरतं. वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझीच,
धाकटी

ता. क. तुझी विजार तयार आहे. कमरेत दोन बोटं सैल केली आहे, तू मागितली नसलीस तरी. थोडं चालत जा रोज.

ता. क. २. वर लिहिलंय की अकराजणांना नवी पत्रं मिळाली, ते खरं आहे. दहा पत्रांत लिहिलंय की पळण्यास हरकत नाही. अकराव्यात लिहिलंय की डावा गुडघा थोडा आत पडतो, स्वतःच्या जबाबदारीवर पळावे. शिवण उसवली तरी तो आत पडतोच. बाईंनी मला एकटीला बसवून दाखवलं आणि या वेळी माझ्या डोळ्यांकडे बघून बोलल्या. जिना उतरताना दुखतो. एप्रिलपासून. सुरुवातीला जो नमस्कार लिहिला त्यात उजवा गुडघा पूर्ण वाकला होता.

ता. क. ३. शर्यतीच्या अर्जात एक रकाना होता, काही झालं तर कुणाला कळवायचं. लेकीचं नाव लिहिलं असतं तर तिनं मला दारातूनच परत नेलं असतं. मी तुझं लिहिलंय, न विचारता. रविवारी सकाळी सहा ते आठ फोन जवळ ठेव. बहुतेक वाजणार नाही. वाजला तर आधी ये, आणि मुद्दे नंतर सांग.