सोमवारचा प्रश्न

प्रिय ताई,

काल तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. बघता बघता तू जाऊन वर्ष झालं. तू पुण्याला शिकत होतीस तेव्हा तुझ्या एकाही पत्राला मी उत्तर दिलं नाही, आणि आज आपणहून लिहायला बसलोय. कालच्या एका गोष्टीने बसवलं.

तुझे सर आले होते. वंदना झाल्यावर त्यांनी तुझे पेपर किती, कुठे छापून आले, ते सगळं वाचून दाखवलं. लोक सगळ्यात जास्त संदर्भ आपल्या भिवंडीच्या पेपराचा देतात म्हणाले. नुसते डॉक्टरच नाहीत, कापडधंद्यावर लिहिणारे, अर्थशास्त्रवाले, कामगार कायद्यावाले, सगळे! मी ताठ बसलो होतो. त्या पेपराच्या शेवटी तू माझे आभार मानलेत ना. मी कामाला आहे त्या दापोड्याच्या गोदामात ते सगळ्यांना मोबाइलवर दाखवलंय.

लोक गेल्यावर अण्णांनी विचारलं, त्या पेपरात होतं तरी काय? त्यांना हे आजवर ना तू सांगितलंस ना मी. मी म्हटलं, इथल्या लूमवर काम करणाऱ्यांना सुताच्या धुळीने होणारा छातीचा आजार फारसा नाही, असं तिने लिहिलंय.

अण्णा बराच वेळ धापा टाकत बसले. मग म्हणाले, "तू मला इचारलं व्हतंस, सोमवारी छाती आवळते का. मी न्हाय बोललो. सोमवारी कशाला आवळंल? आपली सुट्टी शुक्कुरवारची हाय. शनवारी आवळते."



तुझ्या पेपरासाठी मी कामगारांकडून भरून घेतला तो प्रश्नांचा फॉर्म बाहेरच्या देशातला. तिकडे सुट्टी रविवारची. सुट्टीत छाती मोकळी होते आणि कामाच्या पहिल्या दिवशी धूळ आत गेली की पुन्हा आवळते, म्हणून त्यात सोमवार. हे तूच मला समजावलं होतंस. छापलंय तसंच विचारायचं, एक शब्द बदलायचा नाही, हेही तूच बजावलंस. मग मी धामणकर नाक्यामागच्या कारखान्यांत, लूमच्या खडखडाटात, एकेकाच्या कानाशी तोंड नेऊन सोमवारचं विचारत फिरलो. एका चाचांनी तर सरळ सांगितलं होतं, "सोमवार को नहीं बेटा, सनीचर को." मी 'नाही'वर खूण केली आणि पुढच्या लूमकडे गेलो. मला ड्युटीला उशीर होत होता.

माझं सोड, मी बारावी नापास. तुला कसं सुचलं नाही गं? लूमवाल्याची पोरगी तू! अण्णा शुक्रवारी घरी असायचे आणि तुझी वेणी घालून द्यायचे, वाकडीतिकडी. शनिवारी कामावरून आले की उंबऱ्यातच बसून राहायचे, आणि पाणी घेऊन तूच जायचीस.

तू गेल्यावर अण्णांनी धुळीने आजार झाल्याच्या सर्टिफिकेटसाठी अर्ज केला होता. तो नाकारला. इथल्या लूममध्ये हा आजार विशेष आढळत नाही, असं कारण दिलंय, आणि खाली आधार म्हणून तुझा पेपर. अण्णांना इंग्रजी येत नाही, पण तुझं नाव ओळखता येतं. ते दिसलं म्हणून तो कागद त्यांनी तुझ्या फोटोमागे जपून ठेवलाय. मी तेव्हा वाचला होता. वाटलं, मोठ्या लोकांचं काहीतरी असेल. लाज वाटते आता.

आज सकाळी माळ्यावरची गोणी काढली. जुने फॉर्म सगळे आहेत. अण्णांचा सापडला. 'नाही'च्या शेजारी माझ्याच अक्षरात पेन्सिलीने लिहिलंय, 'शनिवारी'. मी पार विसरलो होतो. आणि त्याच्या खाली लाल पेनाची रेघ आहे. लाल पेन आपल्या घरात फक्त तू वापरायचीस.

कधी ओढलीस ती रेघ, ताई? पेपर छापून येण्याआधी, की नंतर? आधी ओढली असशील तर मला पुढचं लिहवत नाही. नंतर ओढली असशील तर एकटीने किती दिवस मनात ठेवलंस हे? मला का नाही बोललीस? मी भांडलो असतो तुझ्याशी, पण सोबत तरी राहिलो असतो.

दुपारी अण्णांना सगळं सांगितलं. पेपर छापला त्या जर्नलला लिहायचं म्हणतोय, ते पेपर मागे घेतील, तुझे सरही दुखावतील.

"तिचं नाव जाईल?" त्यांनी विचारलं.

"जाईल, अण्णा."

ते भिंतीला धरून उठले. तुझ्या फोटोमागचा कागद काढला, त्यावरच्या तुझ्या नावावरून एकदा अंगठा फिरवला आणि माझ्या हातात दिला. "ह्यो बी जोड त्याला," म्हणाले.

तर ताई, हा माझा शब्द. या शनिवारी रजा टाकून मी पुन्हा कारखान्यांत जाणार. तेव्हा विचारलेल्यांतले जे अजून जिवंत आहेत त्यांना शनिवारचं विचारणार, सुरुवात अण्णांपासून. जर्नलला पत्र माझ्या नावाने जाईल, आणि चूक माझीही होती हे त्यात पहिलं असेल. सोबत अण्णांचा फॉर्म जोडीन. तुझी लाल रेघ मात्र झाकणार नाही.

रागावू नकोस. जय भीम.

ज्याचे तू आभार मानलेस तो,
तुझा संदीप