खाऱ्या दाण्यांनंतरचे पाणी

बाबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षे लोटल्यावर माझ्या रक्तदाबाविषयी तुम्हालाच लिहावे, हे मलाही विचित्र वाटते. परंतु ही गोष्ट मुळात शेंगदाण्यांची आहे, आणि ती ऐकून घेणारे या घरात आता कोणी उरलेले नाही. तुमची सून मागच्या दिवाळीनंतर गेली. तेव्हापासून माझा रक्तदाब चढाच आहे. डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि म्हणाले, "रोज मूठभर दाणे, बदाम, अक्रोड खात जा. या वयात काहींना त्याने थोडा उतार पडतो. पण अळणी हं, खारे नकोत. आणि गोळी सोडायची नाही."

आई गेल्यानंतरच्या तुमच्या संध्याकाळी मला आठवतात. कारखान्यातून आलात की मिठाच्या पाण्यातून काढलेले दाणे तुम्ही कढईत भाजायचात, आणि दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारून ओंजळभर द्यायचात. मी एकदा विचारले होते, इतके मीठ कशाला? तुम्ही हसलात. "खारं खाल्लं की माणूस पाणी मागतो, आन् पाणी मागितलं की जरा टेकतो. आळणी दिलं तर उभ्या उभ्या निघून जाईल." मी तेव्हा महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकत होतो. मिठाचा हा गुणधर्म माझ्या पुस्तकात नव्हता.

तुमची नात बदलापूरला, खरवईच्या नव्या इमारतीत राहते. दर रविवारी ती रक्तदाबाचे यंत्र घेऊन अंबरनाथला येते. नोकरी, मुले, स्वयंपाक सांभाळून येते. महिन्यापूर्वी दंडाला पट्टा गुंडाळताना ती सहज म्हणाली, "पप्पा, आकडा एकदा खाली आला ना, की महिन्यातून एकदा आले तरी चालेल." त्याच आठवड्यात मी उल्हासनगरला गेलो. सिंधी दुकानदार माझे दुखणे जाणतो. "साईं, आपके लिए तो बिना नमकवाला!" म्हणत त्याने अळणी दाणे तोलले. मी त्याला थांबवले आणि खारे घेतले.

या रविवारी आकडा तरीही खाली आला. गोळीचा प्रभाव असावा. "बघा! दाणे लागू पडले की नाही?" ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता. मला मात्र तिचे 'महिन्यातून एकदा' आठवले. यंत्र पिशवीत घालता घालता तिने माझ्या वाटीतले चार दाणे तोंडात टाकले, आणि तिचे चावणे थांबले. तिने माझ्याकडे पाहिले.

"दुकानदाराने चुकून दिले असतील," मी म्हणालो.

"असतील," ती म्हणाली. "पाणी द्या आधी."

मी पाणी आणेपर्यंत ती खुर्चीत बसली होती आणि पिशवी खाली ठेवलेली होती. बराच वेळ ती तिच्या आईविषयी बोलत राहिली. तोवर आम्ही दोघांनीही तो विषय टाळलेला होता. निघताना दारात म्हणाली, "पुढच्या रविवारी दाणे मीच आणते. अळणी. आणि आकडा कितीही येऊ दे, मी येणारच आहे, कळलं?"

कळले, बाबा. हे पत्र कोठे पाठवायचे नाही, म्हणून तुम्हाला सांगतो: खाऱ्या दाण्यांचा तो डबा मी अजून फेकलेला नाही.