उन्हात उभे राहिलेले बापलेक

जळगाव जामोद,
वैशाख वद्य पंचमी

तीर्थस्वरूप दादांस धाकट्या कोकिळेचा शिरसाष्टांग नमस्कार. वहिनींची कंबर आता बरी असेल. इकडे सगळे जिवंत आहेत. (‘खुशाल’ लिहिणार होते, पण कालपासून हात धजत नाही.)

झालं असं, की चार दिवसांमागे जेवताना ह्यांनी मामंजींना सांगितलं, ऊन हवेतून बरंचसं आरपार येतं, जमीन तापवतं, आणि तापलेली जमीन वरच्या हवेला तापवते. म्हणून तर सातपुड्यावर गारवा. (हे मास्तर असल्यामुळे ताटावरही फळ्यापुढे उभं राहिल्यासारखेच बोलतात.) मामंजींना ते फार लागलं. साठ वर्षं उन्हात काढली ती काय उगाच? सूर्याच्या जितकं जवळ, तितका ताप जास्त! झालं, बापलेकांचा अबोला. शेवटी मामंजींनी पैज घातली: भर दुपारी ते शेतातल्या राखणीच्या, खांबांवरच्या उंच माळ्यावर बसणार, ह्यांनी खाली काळ्या जमिनीवर अनवाणी उभं राहायचं. ज्याला आधी सोसवणार नाही, त्याच्याकडे ताप जास्त. (दादा, ह्यांनी लगेच पाय उचलला असता तर हेच जिंकले असते. पण बापासमोर हार खाऊन जिंकणं ह्यांना जमेना.)

काल बारा वाजता मामंजी माळ्यावर चढले आणि गडी कडूबाला शिडीसकट पिटाळून दिलं. मी नि सासूबाई बांधावरच्या आंब्याखाली. वर मामंजींचं उपरणं वाऱ्यानं फडफडत होतं; खाली ह्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. मग घाम येईनासा झाला. मी सासूबाईंचा हात धरला. आम्ही दोघी उठलो तोवर हे गुडघ्यावर बसले आणि कुशीवर कोसळले.

‘शिडी! शिडी आण बे कडूबा!’ मामंजी ओरडले. कडूबा पार नाल्यापलीकडे. मग मामंजी खांबाला मिठी मारून घसरत उतरले, तळहात सोलले, जोडे वरच राहिले, आणि अनवाणी पाय जमिनीला लागताच किंचाळले, ‘अगा माय! भुई पेटली! वैजनाथ, ऊठ रे पोरा!’ त्यांनी ह्यांना खांद्यावर घेतलं आणि आंब्याखाली आणलं. आम्ही घागर ओतली, ओला पदर कपाळावर धरला, पदरानं वारा घातला. ती घटका मला आयुष्यभर पुरेल.

डोळे उघडल्यावर ह्यांनी पहिलं विचारलं, ‘बाबा, तुमचे पाय भाजले काय?’

‘भाजले लेका. भुईच तापते, तुह्यं खरं हाय,’ मामंजी म्हणाले, आणि सर्वांदेखत रडले.

दोघे आता शेजारी-शेजारी बाजेवर आहेत. चारही तळपायांना फोड आहेत. मी तूप लावते. आज सकाळपासून मामंजींना जोर आला आहे: भुईले तापवलं कोनं? सूर्यानंच ना? मंग मीच जिंकलो!

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपली,
कोकिळा

ता. क. दोघांच्या नावे एकच पत्र घाला आणि दोघेही बरोबर आहेत असं लिहा. ते खरंही आहे. मामंजी आता सातपुड्याकडे टक लावून बघू लागलेत; दुसरी पैज नको.

आणखी ता. क. ते जमिनीचं ह्यांना मीच सांगितलं होतं, तुमच्या जुन्या भूगोलात वाचून. त्याचा पुढचा भाग पाठवा; मला मराठी सातवीच्या फायनलच्या परीक्षेला बसायचं आहे. पार्सल सासूबाईंच्या नावे करा. त्यांना माझ्या वाचनाचं सगळं ठाऊक होतं, आणि चार दिवस त्याही गप्पच होत्या.